तळलेल्या कोंबडीच्या मागावर : शहापूर, निपाणी, खानापूर

आमच्या घरात सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून श्रावण वजा, नवरात्र वजा, आणि संकष्टी नेमकी बुधवारी आली तर तोही गेला. त्यामुळे बेळगाव भागात तळलेलं चिकन सगळ्यात चांगलं कुठं मिळतं हे शोधून काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण ना पोटाची होती ना पैशाची. ती पंचांगाची होती.

निमित्त भाच्याचं. तो पुण्याहून सुट्टीला आला आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "मामा, इथं चांगलं फ्राइड चिकन कुठं मिळतं?" पाहुण्याला काय खिलवायचं हे बेळगावकराला एरवी विचारावं लागत नाही. कुंदा, मांडे, नियाझची बिर्याणी ही नावं तो झोपेतसुद्धा सांगेल. पण या प्रश्नावर घरात, गल्लीत, ऑफिसात, जिथं विचारलं तिथं निराळं उत्तर आलं. कुणी खडे बाजाराकडं बोट दाखवलं, कुणी कॅम्पाकडं. निपाणीच्या भावोजींनी तर फोनवरच "बेळगावात काय मिळतंय? इकडं या," म्हणून विषय संपवला. भाचा चार दिवसांनी परत गेला. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो तो अडकलोच.

मोबाइलवरचे तारे आधी बघितले. त्यांचा उपयोग झाला नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. लोक तारे देतात ते हॉटेलला, पदार्थाला नाही. पार्किंग आहे, फॅमिली रूम आहे, बिर्याणी बरी आहे, झाले साडेचार तारे. तळलेलं चिकन त्या यादीत कुठंतरी 'स्टार्टर' म्हणून पडलेलं असतं. आणि आमच्याकडं जे खरं तळणारे आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गाड्यावर नावच नसतं. "बसस्टँडच्या मागं, पिंपळाखालचा" हाच त्यांचा पत्ता.

मग एक दिवस कॅम्पातल्या आमच्या नेहमीच्या कोंबडीवाल्याला विचारलं. हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे, कारण गावात कोण काय तळतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कोण रोज ताजा माल नेतो, कोण कालचा उरलेला स्वस्तात मागतो, कोण केवढा पक्षी घेतो, सगळं त्याच्या वहीत. तो म्हणाला, "मोठे हॉटेलवाले दोन-अडीच किलोचा पक्षी नेतात वो. पीस जास्त पडतात, परवडतंय. तळायला खरा पक्षी लहान, किलोच्या आत-बाहेरचा. तसा मागणारी दोन-चारच माणसं आहेत." ती दोन-चार कोण ते त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. एवढ्या एका गप्पेत माझी निम्मी यादी गळून पडली.

लहान पक्ष्याचं कारण पुढं खाता खाता कळत गेलं. हाडासकट मोठा तुकडा असला की आतलं मांस शिजेपर्यंत बाहेरचं कवच करपतं, आणि कवच जपायला जावं तर हाडाजवळ कच्चं राहतं. लहान पक्ष्याचा तुकडा कढईत सात-आठ मिनिटांत दोन्हीकडून जमून येतो. एक मात्र सांगून ठेवतो. हाडाशेजारी जरा लालसर दिसलं म्हणून लगेच प्लेट परत पाठवू नका. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला मगज तळताना बाहेर झिरपतो आणि मांसाला रंग धरतो. बघायचा तो रस. रस पाण्यासारखा स्वच्छ आला तर शिजलेलं आहे, गुलाबी आला आणि मांस दाबल्यावर रबरासारखं वाटलं तर नाही. पुस्तकी हिशोबानं तुकड्याच्या आत 74 अंश सेल्सिअस व्हायला पाहिजेत, पण गाड्यापुढं थर्मामीटर घेऊन कोण उभा राहणार?

मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. कुठंही गेलो तरी हाफ प्लेट, हाड असलेलं. बोनलेस नाही, लॉलीपॉप नाही, वर ग्रेव्ही ओतलेलं काही नाही. पहिला तुकडा लिंबू न पिळता खायचा. लिंबू आणि कांदा हे दोघं मिळून कुठलंही पाप झाकू शकतात.

आणि मागवण्याआधी कढईत डोकावायचं. यावरून एकदा एका माणसानं "काय वो, इन्स्पेक्टर काय?" असं विचारलंही. पण तेल बघितल्याशिवाय इथं काही कळत नाही. काळं पडलेलं, बुडबुड्यांचा फेस न विरणारं, तुकडा टाकायच्या आधीच धुरणारं तेल म्हणजे ते कालचं किंवा परवाचं. तळून तळून खराब झालेल्या तेलात जी संयुगं साचतात त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरता येत नाही, असा देशभरचा नियम 2018 पासून आहे. संध्याकाळी सातला गर्दीच्या गाड्यावर तो कोण मोजतो, हा प्रश्न वेगळा. नाक मात्र मोजतं. उलट अगदी कोऱ्या तेलातला पहिला घाणासुद्धा मला कधी आवडला नाही. तो फिका निघतो, कवचाला रंग येत नाही. दुसरा-तिसरा घाणा खरा. जाणकार गिऱ्हाईक पहिल्या घाण्याला रांगेत मागं मागं सरकतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता रंगाबद्दल. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या कबाबाची ओळखच रंगावर होती. कर्नाटकात गाड्यावर 'कबाब' म्हणून जो मिळतो तो सळईवर भाजलेला नसतो. आलं-लसूण, तिखट, अंडं आणि कॉर्नफ्लॉअर लावून कढईत तळलेली कोंबडी म्हणजे कबाब, वर तळलेला कढीपत्ता आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. लहानपणापासून आम्ही हा कबाब शेंदरी-लाल बघितला. बोटं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रंगलेली. मग जून 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं चिकन आणि माशांच्या कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासायला घेतलेल्या 39 नमुन्यांपैकी 8 मध्ये सनसेट यलो, कार्मोझिन असले रंग सापडले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांच्यावर रंगापायी हीच पाळी आली होती. नियम मोडला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड.

बंदीनंतर गाड्यांचे दोन तट पडले. काहींनी रंग काढला आणि त्याच्या जागी काहीच घातलं नाही. त्यांचा कबाब भज्यासारखा पिवळट झाला, गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. काहींनी ब्याडगी मिरची धरली. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही सुरकुतलेली मिरची, 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. तिला तिखटपणा बेताचा आणि रंग भरपूर. रात्री कोमट पाण्यात भिजत घालून सकाळी गंधासारखी बारीक वाटली की बाटलीतला रंग लागतच नाही. बेळगावातच असलेल्या शहापूर भागातला एक गाडेवाला हेच करतो. "महाग पडतंय वो," तो म्हणाला, "पण रंग टाकून रात्री झोप लागत नव्हती." झोप दंडाच्या भीतीनं लागत नव्हती की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही.

फरक ओळखायची माझी एक युक्ती आहे. प्रयोगशाळेची सर तिला नाही, पण चालते. बाटलीतले हे रंग पाण्यात विरघळतात आणि मिरचीचा रंग तेलात. तुकडा ओल्या टिश्यूवर दाबून ठेवायचा. कागदाचा ओला भाग भगवा होत पसरत गेला तर संशय घ्यायला जागा आहे. तेलाचा डागच तेवढा लाल दिसला आणि पाणी कोरंच राहिलं, तर मिरची. ही तपासणी मी गुपचूप टेबलाखाली करतो. सगळ्यांसमोर केल्यावर काय होतं ते चिकोडीत बघून झालंय.

निपाणीला जायचं होतंच, नाहीतर भावोजींनी जगू दिलं नसतं. शुक्रवारची संध्याकाळ धरून निघालो. महामार्गावर संकेश्वरला गाडी थांबवली ती मिरचीसाठी. इथली संकेश्वरी मिरची ब्याडगीच्या अगदी उलट, बारीक, लांब आणि जाळ. कोल्हापूरकडच्या चटणीत तिला मान आहे. निपाणीत गेल्यावर कळलं की तिकडचे तळणारे या दोन्ही मिरच्या मिसळतात, रंगाला ब्याडगी आणि दणक्याला संकेश्वरी. शिवाय कांदा-लसूण मसाला लावतात. तो बेळगावच्या गाड्यावर सहसा नसतो. इथून कागल हाकेच्या अंतरावर, पलीकडं महाराष्ट्र. कोल्हापूरचा हात कढईपर्यंत पोचलेला आहे.

भावोजी मला ज्या गाड्यावर घेऊन गेले तिथं कढईभोवती कानडी, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात चाललेली. "अण्णा, एक हाफ हाकरी, जरा कडक करा, और नींबू देना." कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं आणि तळणाऱ्याचं तर लक्षच नव्हतं. त्याचं सगळं ध्यान आचेवर. चिकन दुपारीच अर्धं तळून ठेवलेलं आणि मागेल तसं पुन्हा कडक तेलात सोडायचं. ही दोनदा तळायची रीत चांगली. पहिल्या खेपेला मध्यम आचेवर आतून शिजतं, मधे वाफ निघून जाते आणि दुसऱ्या खेपेला कवच कडकडीत होतं. अट एकच, मधला वेळ थोडा पाहिजे आणि माल झाकून गार ठेवलेला पाहिजे. दुपारी बाराला अर्धवट तळलेलं चिकन रात्री नऊपर्यंत उघड्या परातीत पडलेलं मी महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात बघितलं. तिथं मी फक्त चहा प्यालो.

निपाणीचा कबाब तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. भावोजी खूश. "तुमी बेळगावची मानसं रंग बगून खातासा, आमी वास घिऊन," ते म्हणाले. वास खरंच होता. तळलेला लसूण, भाजलेलं खोबरं, मागून येणारा तिखटाचा झटका. पण माझं मत त्यांना तिथंच सांगितलं. कांदा-लसूण मसाल्यातलं खोबरं आणि तीळ कडक तेलात आधी करपतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापासून जिभेवर एक कडवट थर बसतो. हाफ प्लेटपर्यंत निपाणीला तोड नाही, फुल प्लेटला आहे. भावोजींनी ते मान्य केलं नाही, आणि करणारही नाहीत.

खानापूरची गोष्टच निराळी. तिकडं एका मावशींची खानावळ आहे. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तरच जवारी कोंबडी मिळते. जवारी म्हणजे गावठी, उकिरडा उकरून मोठी झालेली. मी तळलेली मागितली तेव्हा मावशी हसल्या. "भाऊ, ही कुरकुरीत व्हायची नाही. हिला चावायचं असतंय." तरी त्यांनी केली. आधी हळद-मीठ लावून अंगच्या पाण्यात अर्धी शिजवली, मग लोखंडी तव्यात थोड्या तेलावर, मिरी-लसणाच्या वाटणात परतत परतत कोरडी केली. कवच नाही, पीठ नाही, अंडं नाही. सोबत तांदळाची भाकरी आणि उकडलेलं पाणी काढून केलेला आळणी रस्सा. जेवण म्हणाल तर या सगळ्या भटकंतीत इतकं चांगलं मी कुठंच जेवलो नाही. पण मी शोधत होतो ती कढईत पोहलेली कोंबडी, आणि त्या परीक्षेला ही बसतच नाही. तिला वेगळ्या पाटावर बसवावं लागेल.

खानापूरच्या पलीकडं जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ला घाट उतरला की गोवा. त्या बाजूचा वारा बेळगावच्या कॅम्पात फार आधीपासून आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांतून कॅफ्रियाल होतं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी, लिंबू किंवा व्हिनेगर यांच्या हिरव्या वाटणात कोंबडी मुरवायची आणि थोड्या तेलात तळायची. मोझांबिकमधून पोर्तुगिजांबरोबर ही रीत गोव्यात आली असं मानतात. एका ओळखीच्या घरी नाताळात खाल्लेलं कॅफ्रियाल मला आजही हॉटेलातल्यापेक्षा उजवं वाटतं. हॉटेलवाले त्यात पालक घालून हिरवेपणा वाढवतात की काय असा मला दाट संशय आहे.

भाच्याच्या डोळ्यासमोर अर्थात यातलं काहीच नव्हतं. त्याला पाहिजे होतं जाड खवल्यांचं, बादलीत भरून येणारं कंपनीचं चिकन. त्याचा उगम अमेरिकेतल्या केंटकीमधला. हार्लंड सँडर्स नावाच्या माणसानं कढईऐवजी प्रेशरखाली तळायची पद्धत बसवली, त्यामुळे वेळ कमी लागतो आणि आतला रस टिकतो. केएफसीचं भारतातलं पहिलं दुकान 1995 मध्ये बंगळुरात निघालं, आणि शेतकरी नेते एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघ या संघटनेनं त्याला असा विरोध केला की ते दुकान देशभर गाजलं. आज त्याच कर्नाटकात अशा दुकानांचं कुणाला अप्रूप उरलेलं नाही. मीही एका साखळी दुकानात जाऊन खाल्लं, भेदभाव नको म्हणून. कवच उत्तम, मान्य करतो, गाड्यावर कुणाला ते जमणार नाही. पण कवच काढलं की आत नुसतं खारट मांस. मसाला सगळा अंगरख्यात. आमच्या कबाबाचं बरोबर उलटं असतं. मसाला दुपारपासून मांसात मुरलेला आणि वरचं पीठ नावापुरतं.

त्या नावापुरत्या पिठातही गोम आहे. मैदा जास्त झाला की गाड्यावरून घरी येईपर्यंत तुकडे मऊ पडतात. नुसतं कॉर्नफ्लॉअर लावलं तर कडक होतं, पण काचेसारखं तडकून गळतं. शहापूरचा तो ब्याडगीवाला कॉर्नफ्लॉअरमध्ये तांदळाचं पीठ मिसळतो, मैदा घेतच नाही. मी मुद्दाम पार्सल घेऊन टिळकवाडीतल्या घरी आलो, हातपाय धुतले, बातम्या ऐकल्या आणि मग पुडी सोडली. कवच शाबूत होतं. पुडीला भोकं पाडून आणायची मात्र, नाहीतर वाफेनं तांदळाचं पीठही हार मानतं.

तर माझा कौल त्या शहापूरच्या गाड्याला. लहान पक्षी, ब्याडगीचा रंग, तांदळाचं पीठ, आणि माणूस एका वेळी कढईत मूठभरच तुकडे सोडतो. रांग कितीही वाढली तरी घाणा वाढवत नाही. जास्त माल टाकला की तेल एकदम थंड होतं आणि चिकन तळण्याऐवजी तेल पीत बसतं, हे त्याला कुणी शिकवलं नसेल, पण हाताला ठाऊक आहे. तेल तापलं का हे तो कढीपत्त्याचं एक पान टाकून बघतो. लोक ओरडतात, "आवरा की वो लवकर!" तो मान वर करत नाही. दुसरा नंबर निपाणीचा, हाफ प्लेटच्या अटीवर. खानापूरच्या मावशी आणि कॅम्पातलं नाताळ स्पर्धेच्या बाहेर.

जायचं असेल तर रविवारी जाऊ नका. रविवारी त्याच्याकडं माल दुप्पट येतो, हाताखाली पुतण्या असतो आणि पुतण्याला घाई असते. बुधवारी जा, साडेसातच्या सुमाराला, तिसरा घाणा धरून. बोनलेस मागितलंत तर तो देईल, पण तुमच्याकडं बघेल. आणि भाचा दिवाळीत पुन्हा येणार आहे, लक्ष्मीपूजन बघून वार धरायला सांगितलंय.